विधवेचे तेल आणि सावकाराचा तगादा

(शास्त्रपाठ : २ राजे ४:१-७)

आजच्या शास्त्रपाठात जी स्त्री अलीशा संदेष्ट्याकडे रडत आली तिचे नाव पवित्र शास्त्राने सांगितले नाही. तिचा नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी होता, म्हणजे आजच्या भाषेत बोलावयाचे तर एखाद्या खेड्यातील उपदेशकच म्हणा ना. तो देवाचे भय बाळगणारा होता, ही साक्ष त्याची विधवाच देते आणि अलीशा ती खोडून काढीत नाही. असा मनुष्य मरण पावला, आणि मागे काय राहिले? दोन मुलगे, तेलाचे एक लहानसे भांडे, आणि कर्ज. सावकार दाराशी उभा होता, आणि कर्जाच्या पोटी त्या दोन मुलांना दास करून नेण्याच्या तयारीत होता.

येथे एक गोष्ट आमच्या उपदेशक बंधूंनी नीट ध्यानात घ्यावी. त्या मृत मनुष्याने कर्ज का काढले, उधळपट्टी केली की काय, असा एकही प्रश्न अलीशाने त्या बाईस विचारला नाही. आमच्या मंडळ्यांत मात्र कोणी कर्जात बुडाले असे ऐकू आले की पहिला प्रश्न हाच निघतो. देवभीरू मनुष्यही कर्जात मरू शकतो, असे शास्त्र स्पष्ट दाखविते. आणि जालना जिल्ह्यातील आम्हां लोकांस तर हे शास्त्रातून शिकावयाची गरजही उरलेली नाही, कारण २०२० व २०२१ ह्या दोन वर्षांत आम्ही ते आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

वाचकहो, त्या महामारीस आता काही वर्षे लोटली. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी तिला जगद्व्यापी साथ म्हटले आणि ५ मे २०२३ रोजी आणीबाणीची स्थिती संपल्याचे जाहीर केले. मग आज हा विषय कशासाठी काढावा, असे कोणी विचारील. रोग गेला, पण त्याने घरात सोडून दिलेला सावकार गेला नाही, म्हणून.

तो काळ थोडा आठवा. देशभर टाळेबंदी सुरू झाली तो दिवस २५ मार्च २०२०, आणि त्याच दिवशी गुढीपाडवा होता. पाडवा म्हणजे आमच्या खेड्यांतील सालगड्याचे नवे वर्ष. ह्याच दिवशी जुने साल फिटते, नवे ठरते, आणि गडी मालकाकडून आगाऊ पैसे घेऊन घरी येतो. त्या पाडव्याला पुष्कळ मालकांनी हात वर केले, आणि त्यांसही सर्वस्वी दोष देता येत नाही. त्यांचा कापूस घरात पडून होता, मोंढा बंद, आठवडी बाजार बंद. कडवंचीकडील द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता. द्राक्ष हे काही ज्वारीसारखे कणगीत घालून ठेवण्याचे पीक नव्हे. गाडी आणि गिऱ्हाईक मिळाले नाही की ते वेलीवरच नासते. मोसंबीवाल्यांनाही व्यापारी मिळेनात. शेतकऱ्याचा माल अडला म्हणजे मजुराची चूल अडते. टोपलीवाली, भाजीवाली, रिक्षावाला, न्हावी, लग्नात वाजंत्री वाजविणारा, ह्यांचा तर मालच त्यांचे हात होते, आणि हातांनाच घरी बसविले होते.

मंठा, परतूर, अंबड व घनसावंगी ह्या तालुक्यांतून ऊसतोडीस गेलेली माणसे तेव्हा कारखान्यांच्या आवारात, उसाच्या फडांत पाचटाच्या खोपटांत अडकून पडली. एप्रिल महिन्यात शासनाने त्यांस परत येण्याची मोकळीक दिली. ती आली तेव्हा गावाच्या वेशीवर काट्या आडव्या टाकलेल्या होत्या. ज्या गावात जन्म घेतला त्याच गावाच्या शाळेत चौदा दिवस परक्यासारखे राहावयाचे, असा नियम होता. मोशेच्या नियमशास्त्रातही चट्टा आलेल्या मनुष्याला सात दिवस वेगळे ठेवीत, हे लेवीय पुस्तक वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. तेव्हा वेगळे ठेवणे हे काही पाप नव्हे, ते शहाणपण होते. परंतु वेगळ्या ठेवलेल्या मनुष्याच्या लेकरांना त्या दिवसांत भाकरी कोण देतो, ह्याची विचारपूस ज्या गावांनी केली आणि ज्यांनी केली नाही, त्यांच्यांत फार अंतर पडले.

आणि मग ते सोळा जण. जालन्याच्या पोलादाच्या एका कारखान्यात कामास असलेले हे मजूर मध्य प्रदेशातील शहडोल व उमरिया जिल्ह्यांतून आलेले होते. आमच्या शहरात भंगार वितळवून ज्या लोखंडी सळया होतात, आणि ज्यांवर महाराष्ट्रातील घरांचे छत उभे राहते, त्या कामातले हे हात. काम बंद, मजुरी बंद, घर शेकडो कोस दूर. मजुरांसाठी खास रेल्वेगाड्या १ मे २०२० पासून सुटू लागल्या होत्या, तेव्हा भुसावळला पोहोचलो तर गाडी मिळेल अशा आशेने ७ मेच्या संध्याकाळी ते रुळांच्या कडेने पायी निघाले. बदनापूर मागे पडले. रात्री थकून, गाड्या बंदच आहेत असे समजून, ते रुळांवरच विसावले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ मालगाडी आली. सोळा जण गेले. रुळांवर त्यांच्या चपला व वाटेसाठी बरोबर घेतलेल्या चपात्या विखुरलेल्या होत्या. त्यांच्याही गावी कोणाची विधवा होती, कोणाची दोन मुले होती, आणि आमच्या जिल्ह्यातून त्यांच्या घरी जावयाचा जो पैसा होता तो कायमचा थांबला. परक्याला छळू नका, कारण तुम्हीही एके काळी मिसर देशात परके होता, असे देवाने इस्राएलास वारंवार बजाविले आहे. आमच्या तालुक्यांतील ऊसतोडे दरवर्षी परमुलखात जातात, तेव्हा ही आज्ञा आम्हांस मुद्दाम समजावून सांगण्याचे कारण पडू नये.

काही उपदेशकांनी त्या दिवसांत, आणि कोठे कोठे अजूनही, साथ ही अमक्याच्या पापाची शिक्षा असे सांगितल्याचे आम्ही ऐकले. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, त्यांविषयी प्रभूने जे सांगितले ते अशांनी लूकच्या तेराव्या अध्यायात वाचावे. ह्याहून अधिक ह्या विषयावर लिहावे असे आम्हांस वाटत नाही.

साथी आमच्या देशाला नवीन नाहीत. १८९७ मध्ये प्लेगाच्या दिवसांत पुण्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले ह्यांनी १० मार्च रोजी देह ठेवला. त्याच वर्षी झालेला साथीच्या रोगांचा कायदा १२३ वर्षांनी २०२० मध्ये पुन्हा लागू करण्यात आला. १९१८ च्या जून महिन्यात इन्फ्लुएंझाचा ताप मुंबई बंदरातून शिरला, आणि पावसाळ्यानंतर त्याने खेडोपाडी असा कहर केला की ह्या देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्याच साली पाऊसही फसला होता. पीक नाही, आणि जे थोडे उभे ते कापावयास घरात धडधाकट माणूस नाही, अशी स्थिती. तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होते. त्या वेळच्या घरांचे काय झाले असेल ह्याचा हिशेब कोणी लिहून ठेवला नाही, कारण ज्यांच्या घरी ते झाले त्यांस लिहिता येत नव्हते. आपणांस येते. म्हणून आपल्या काळचा हिशेब आपण मांडला पाहिजे, आणि तो रुपये-पैशांत मांडला पाहिजे.

सरकारने काहीच दिले नाही असे म्हणणे असत्य होईल. एप्रिल २०२० पासून शिधापत्रिकेवरील प्रत्येक माणसामागे महिना ५ किलो धान्य फुकट मिळाले. पाच माणसांच्या घरास २५ किलो. ह्या धान्याने पुष्कळ लेकरे वाचली, आणि त्याबद्दल आम्ही देवाचे व सरकारचे आभार मानतो. ज्या बायांचे जनधन खाते होते त्यांस एप्रिल, मे व जून ह्या तीन महिन्यांत दरमहा ५०० रुपये मिळाले. शिवभोजनाची थाळी ५ रुपयांस झाली, पण ती खेड्यापर्यंत फारशी पोहोचली नाही. रोजगार हमीच्या कामावर त्या वर्षी दिवसाचा दर २३८ रुपये होता, ज्यास काम मिळाले त्यास. आता ह्याच्या समोर दुसरी बाजू मांडा. धान्याबरोबर तेल नाही, मीठ-मिरची नाही, दळणाचे पैसे नाहीत, म्हाताऱ्याच्या गोळ्या नाहीत. आणि ज्या घरावर खाजगी सावकाराचे १०,००० रुपये शेकडा पाच रुपये महिना दराने होते, त्या घरास महिन्याचे व्याजच ५०० रुपये झाले. म्हणजे बाईच्या खात्यावर आलेली रक्कम तिच्या पदरात पडण्यापूर्वीच सावकाराची झाली होती. तेलाचे भांडे होते, पण ते आधीच दुसऱ्याच्या नावे लिहिलेले होते.

घर कसे खचते ते आम्ही गावोगाव फिरताना पाहिले. आधी शेळी जाते, कारण ती विकली तर कोणाच्या लक्षात येत नाही. मग कानांतले गहाण पडते. मग दुकानदाराच्या वहीत नाव चढते. मग बचत गटाचे कर्ज फेडण्यासाठी दुसऱ्या गटाचे कर्ज निघते. ह्या सगळ्यांत नवऱ्यास शेवटी कळते. हिशेब बाईच्या डोक्यात असतो आणि रात्रीची झोप तिचीच उडते. रिझर्व्ह बँकेने त्या वेळी कर्जाचे हप्ते आधी तीन महिने व मग ऑगस्ट २०२० अखेरपर्यंत पुढे ढकलण्याची सवलत दिली होती. पुष्कळांनी समजूत करून घेतली की हप्ते माफ झाले. ते माफ नव्हते, पुढे ढकलले होते, आणि व्याज चालूच होते. पुढे मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मुदतीतील व्याजावरचे व्याज घेऊ नये असा निर्णय दिला. परंतु सावकाराच्या चोपडीस ना ती सवलत लागू होती ना तो निर्णय. अज्ञानातून होणारे हे नुकसान एखाद्या वाचता येणाऱ्या उपदेशकाने सहज टाळले असते, असे आम्हांस वाटते.

नंतर एप्रिल २०२१ ची दुसरी लाट आली, आणि पहिल्या वर्षी जे कसेबसे तगले होते ते ह्या वर्षी बुडाले. प्राणवायू, इंजेक्शने, खाजगी दवाखान्याची अनामत, शहरापर्यंत गाडीभाडे. एक एकर विकून बाप वाचला असे झाले, तसेच एक एकर विकूनही बाप वाचला नाही असेही झाले. ह्या दुसऱ्या घराकडे आज आपले विशेष लक्ष असावे. तेथील विधवा ही आजच्या शास्त्रपाठातील विधवाच आहे.

तिच्या दोन मुलांचे काय झाले? आमच्या काळचा सावकार मुलांस दोरीने बांधून नेत नाही. तो मुकादम होऊन येतो आणि उचल देतो. एका कोयत्याची, म्हणजे जोडप्याची, उचल आगाऊ घेतली की सहा महिने ते दोघे कारखान्याच्या उसाचे झाले. आणि ती फिटली नाही तर पुढच्या वर्षीही त्यांचेच. शाळा बंद होत्या. खेड्यांतील पहिली ते चौथीचे वर्ग तर डिसेंबर २०२१ मध्ये उघडले. शिक्षण मोबाईलवर आहे असे सांगत, पण ज्या घरात दळणास पैसे नाहीत त्या घरात मोबाईल कोठला? पंधरा वर्षांचा मुलगा बापाबरोबर फडात गेला तो परत वर्गात बसला नाही. आणि मुलींची लग्ने झाली. चार माणसांत उरकते, जेवणावळ नाही, खर्च वाचतो, असे म्हणून ज्यांचे वय कायद्याने भरले नव्हते अशा मुलींची लग्ने झाली, आणि त्यांत आमच्या मंडळ्यांतील घरे मुळीच नव्हती असे आम्हांस म्हणवत नाही. अलीशापाशी ती बाई ओरडत आली ती मुले जाण्यापूर्वी आली. ह्या लेकरांसाठी ओरडणारे कोणी नव्हते.

आता आम्ही जे बोलणार ते काहींस कडू लागेल. नेहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय काढून वाचा. दुष्काळ पडला आहे. लोकांनी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकून धान्य घेतले आहे, मुलेमुली दास्यात दिली आहेत. आणि हे सर्व गहाण घेणारे कोण? परराष्ट्रीय नव्हेत, त्यांचेच भाऊ. नेहेम्यास संताप आला. त्याने सभा बोलावली, सरदारांस तोंडावर विचारले, आणि व्याज सोडावयास व शेते परत करावयास लावली. महामारीच्या काळात आमच्या मंडळ्यांत दोन प्रकारची घरे होती. एका प्रकारच्या घरी पगार चालू राहिला: शिक्षक, परिचारिका, सरकारी शिपाई, निवृत्तिवेतनवाले. दुसऱ्या घरी रोजंदारी होती आणि ती थांबली. पगारवाल्यांपैकी कितीकांनी गुपचूप दुसऱ्याच्या दारी धान्य ठेवले ते देव जाणतो, आणि परिचारिकांनी तर आपला जीव धोक्यात घातला. परंतु असेही काही झाले की शेजाऱ्याची निकड पाहून त्याची जमीन निम्म्या भावाने घेतली गेली, आणि प्रभुभोजनाच्या एकाच मेजावर बसणाऱ्याने दुसऱ्यास शेकडा तीन-चार रुपये महिन्याने पैसा दिला. व्याज सगळेच घेतात, असे ते सांगतात. यहूदातील सरदारही तेच सांगत असतील.

अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे: कोणाचे जाते, किंवा त्या जात्याची वरची तळीदेखील, गहाण घेऊ नये, कारण ते त्याचा जीवच गहाण घेण्यासारखे आहे. आता जाती घराघरांतून गेली. तरी प्रत्येक घराचे काही ना काही जाते असतेच: कोणाचे शिलाई यंत्र, कोणाची बैलजोडी, कोणाचा हातगाडा, कोणाचा न्हाव्याचा पेटारा. ज्याने अशी वस्तू गहाण ठेवून घेतली असेल त्याने ती येत्या आठवड्यात परत न्यावी. पैशाचे पुढे पाहता येईल. आणि जो परवान्यावाचून सावकारी करतो तो देवाच्याच नव्हे तर राज्याच्याही नियमाबाहेर आहे. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे, आणि बेकायदा सावकाराने जमीन घेतली असेल तर सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज करून चौकशी मागता येते. मंडळीच्या पंचांनी अर्जदाराबरोबर जावे. एकट्या बाईस कचेरीच्या पायऱ्या फार उंच वाटतात.

पुन्हा शास्त्रपाठाकडे वळू. अलीशाने त्या बाईस पैसा दिला नाही. त्याच्यापाशी तो असावा असेही दिसत नाही. त्याने तिच्या घरात काय आहे ते विचारले, आणि शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणावयास सांगितले, थोडकी नव्हे, पुष्कळ. शेजाऱ्यांनी ती दिली. रिकामे भांडे देण्यास काही खर्च येत नाही, तरी ते देण्यास दार उघडावे लागते, आणि कर्जबाजारी घरास दार उघडणे किती जड जाते हे खेड्यात राहणाऱ्यांस सांगावयास नको. मग तिने आपले दार लावून घेतले, आणि तेल ओतले. मदत चारचौघांत वाजत-गाजत झाली नाही. टाळेबंदीत धान्याची पिशवी देताना छायाचित्रे काढणाऱ्यांनी ह्या बंद दाराचा विचार करावा. ज्या बाईच्या हातात ती पिशवी होती तिची मान त्या छायाचित्रात खाली आहे.

२०२० च्या त्या वसंतात आमची उपासनामंदिरे बंद होती. १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण घरोघरी झाला. मंदिरे १६ नोव्हेंबरला उघडली, पुढच्या वर्षी पुन्हा बंद झाली, आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडली. मंदिर बंद म्हणजे दानपेटी बंद, आणि दानपेटी बंद म्हणजे खेड्यांतील कित्येक उपदेशकांचे मानधन बंद. त्यांनी दुसऱ्याच्या शेतात खुरपे धरले आणि रात्री कुटुंबास घेऊन प्रार्थना केली. ह्याची आम्हांस लाज वाटत नाही, पौलही तंबू शिवीत असे. परंतु त्या दिवसांत काही मंडळ्यांत एक जुनी रीत पुन्हा जिवंत झाली: स्वयंपाकाच्या वेळी घरच्या बाईने पिठातून किंवा तांदळातून एक मूठ बाजूस काढावयाची, आणि ती आठवड्याच्या शेवटी एका ठिकाणी जमवावयाची. आमच्या जालन्याच्या भूमीत हा विचार परका नाही. रेव्ह. नारायण शेषाद्री ह्यांनी येथून जवळच बेथेल गाव वसविले तेव्हाही प्रार्थनेबरोबर शेत आणि हातास काम ह्यांची सोय पाहिली होती, कारण उपाशी व कर्जबाजारी मनुष्याने ताठ मानेने विश्वास कसा ठेवावा हा प्रश्न त्यांच्याही पुढे होता.

हंगामाचा सण जवळ येत आहे. सोयाबीन व कापूस घरी येईल, मोसंबीचा आंबिया बहर हाती लागेल, आणि मंदिरात पेंढ्या व पोती येऊन पडतील. त्याआधी प्रत्येक मंडळीच्या पंचांनी एक वही करावी. तिच्यात महामारीत माणूस गेलेल्या घरांची नावे लिहावी, आणि प्रत्येक नावासमोर काय देणे आहे, कोणाचे आहे, व्याज किती, हे त्या घरच्या बाईस विचारून लिहावे, तेही तिच्या दारी जाऊन आणि एकांतात. मृताच्या वारसास सरकारने ठरविलेले ५०,००० रुपये मिळाले की नाही हेही विचारावे, कारण दाखल्यावर दुसरेच कारण लिहिले गेल्यामुळे काहींचे राहून गेले. कोणते मूल शाळेतून सुटले त्याचेही नाव लिहावे. ही वही मंदिरात मोठ्याने वाचू नये. पाळकाने ती पंचांपुढे ठेवावी, आणि सणाचे दान कोठे जावयाचे ते तिच्यावरून ठरावे.

अलीशाने त्या बाईस शेवटी जो क्रम सांगितला तोच त्या वहीत ठेवावा: तेल विकावे, आधी देणे फेडावे, आणि जे उरेल त्यावर तिने व तिच्या मुलांनी पोट भरावे. ती मुले घरीच राहिली.